ऐकतेय, मान हलवतेय

कॉलेजच्या फाटकापाशी नव्या विद्यार्थ्यांची डोकी मोजताना तिला एक टोपी जास्त भरली. माणसं बोटाने मोजू नयेत हे लहानपणापासून अंगात भिनलेलं, म्हणून ती हनुवटीने मोजायची. हनुवटी पुढे सरकत सरकत शेवटच्या रांगेत गेली आणि दोन उंच मुलांच्या मधे, कानांवर ओढलेल्या करड्या लोकरी टोपीखाली, तिचे बाबा उभे होते. हात पाठीमागे बांधलेले. शाळेत प्रार्थनेच्या वेळी वर्गाच्या मागे उभे राहायचे तसे, कुणाच्या लक्षात येऊ नये इतके स्थिर. अंधारात शेवटची पायरी संपली आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं तिला झालं. हनुवटी क्षणभर तिथेच राहिली. मग ती शेजारच्या मुलावर गेली, त्याच्या पलीकडच्या मुलीवर गेली, आणि तिच्या तोंडाने, दर सत्राच्या सुरुवातीला ज्या सवयीने बोलायचं त्याच सवयीने, सगळ्यांना समजणाऱ्या परक्या भाषेत सांगितलं की स्वागत आहे, की आज आपण गावात काय काय करता येतं ते पाहणार आहोत, की बूट घट्ट बांधा. आपला आवाज दुसऱ्याच कुणाकडून येतोय असं तिला वाटलं. बाबांनी खाली वाकून आपल्या बुटांची नाडी पाहिली.

परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत ती नोकरीला लागली त्याला आता बरेच दिवस झाले होते. आधी ती इथेच शिकली, मग इथेच राहिली. नव्यांची फेरी हे तिचंच काम, वाटही तिनेच ठरवलेली. या सत्राच्या यादीत आपल्या गल्लीतल्या औषधवाल्यांच्या मुलीचं नाव पाहिलं तेव्हा तिला थोडं अस्वस्थ वाटलं होतं, पण इतकंच की आता गल्लीतलं कुणीतरी रोज दिसणार. ती मुलगी गर्दीतून वाट काढत पुढे आली. शेवटचं पाहिलं तेव्हा ती दुकानाच्या काउंटरवर पाय हलवत बसलेली असायची.

"ताई, कसं वाटलं? सर म्हणाले, सांगायचं नाही. विमानात बसल्यापासून मी तोंड दाबून बसलेय. मला काय त्रास झालाय तुम्हाला कल्पना नाही."

"बाबा कसे काय?"

"माझ्या सोबतीला. आमचे पप्पा म्हणाले, सर असतील तर मला झोप लागेल. आणि खरं सांगू का, सरांनीच विचारलं होतं पप्पांना, जाऊ का म्हणून. विमानात शेजारच्या बाईंचा मुलगा रडत होता ना, त्याला त्यांनी दोनाचा पाढा शिकवला. मराठीत. उतरताना तो बे चोक आठ म्हणत गेला. त्याच्या आईला वाटलं असेल, काय झालं माझ्या पोराला."

"राहणार किती दिवस?"

"कुठले राहतात. संध्याकाळच्या बसने परत. विमान उद्या रात्रीचं आहे. मी म्हटलं, सर, ताईकडे राहा की. तर म्हणाले, ताईला कामं असतात."

या मुलीला काही ठाऊक नाही हे तिच्या ध्यानात आलं. गल्लीत कुणालाच ठाऊक नसणार. गल्लीला इतकंच माहीत की सरांची मुलगी बाहेर असते, आई गेली तेव्हा तिला येता आलं नाही, परीक्षा होती, बिचारी. तेवढ्यात बाबाच जवळ आले. चार वर्षांत गाल आत गेले होते, पण उन्हात डोळे बारीक करायची पद्धत तीच होती. "मी मागे राहतो," ते म्हणाले. "शेवटचा कुणी सुटायला नको." चार वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. तिने मान डोलावली आणि चालू लागली. संध्याकाळची बस, तिने मनात म्हटलं. तेवढं निभावलं की झालं. ते काहीतरी सांगायला आले आहेत हे तिला त्यांच्या पाठीमागे बांधलेल्या हातांवरून कळलं होतं. आणि ते काय असेल ते असो, बस सुटेपर्यंत आपण ते ऐकायचं नाही, एवढं तिने ठरवून टाकलं.

पहिला थांबा धुलाईच्या दुकानाचा. आत ओल्या लोकरीचा आणि साबणाचा वास, काचेच्या गोल दारांमागे कुणाकुणाचे कपडे एकमेकांवर आपटत होते. तिने सगळ्यांना अर्धवर्तुळात उभं केलं. बुटकी पुढे, उंच मागे. नाणं घालताना दार गुडघ्याने दाबून धरा, नाहीतर हे तिसरं मशीन नाणं गिळतं आणि ढिम्म हलत नाही. लोकरीचं काही गरम पाण्यात टाकू नका, माझा एक स्वेटर बाहुलीला होईल एवढा झाला होता. सगळे हसले. याच जागी सगळे दरवेळी हसतात. ती मात्र आज हसू शकली नाही, कारण हे वाक्य आपण पहिल्यांदा कधी बोललो ते तिला आठवलं, आणि ज्याला ते आठवत असणार असं जगातलं दुसरं माणूस दाराशी, कुणाचं बोट चेमटू नये म्हणून दार धरून उभं होतं. तो पहिल्या वर्षाच्या परीक्षेचा आठवडा होता. ती फोन करायची तेव्हा आधी आईच उचलायची, आणि "जेवलीस का" याच्या पुढे तिला फारसं काही विचारायचंच नसायचं. बाकीचं आईने नुसतं ऐकायचं. पण अभ्यासापायी काही दिवस फोन राहिला होता, आणि त्या आठवड्यात लावला तेव्हा तो बाबांनी उचलला. आईचा घसा बसलाय, म्हणाले. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हटलंय. व्हिडिओ नको, चेहरा सुजलाय, तिला आवडत नाही तसं दिसलेलं. तू बोल. मी फोन तिच्या कानाशी धरतो. आणि ती बोलली. खोलीतल्या पलंगावर पाय वर घेऊन, पुस्तकं उघडी टाकून, आई नुसती ऐकायला सापडली म्हणून जास्तच बोलली. नाणं गिळणारं मशीन, बाहुलीचा स्वेटर. ऐकतेय ना ती, असं विचारलं की क्षणभराने बाबांचा आवाज यायचा. ऐकतेय. मान हलवतेय. हसली का? हसली. परीक्षा संपेपर्यंत हे असंच रोज चाललं. रोज एखादी गंमत ती आईसाठी राखून ठेवायची, पेपर लिहून परतताना मुद्दाम वाकडी वाट करून काहीतरी पाहून यायची, आज आईला काय सांगू म्हणून. आई तेव्हा नव्हती. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशीच ती गेली होती.

पुढे कचेरीतल्या साहेबबाईंनी विचारलं होतं, नव्या मुलांना गावात काय दाखवावं, तू सांग, तुला अजून आठवत असेल नवं असणं. तिने भराभर सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. पुष्कळ दिवसांनी, फेरीची सवय झाल्यावर, एकदा वाचनालयाच्या पायऱ्या चढता चढता तिला कळलं की हा क्रम आपण ठरवलेलाच नाही. ज्या क्रमाने त्या आठवड्यात फोनवर सांगितलं त्याच क्रमाने ही वाट जाते. तेव्हा पायरीवर तिला मिनिटभर बसावं लागलं होतं. तरी तिने वाट बदलली नाही. बदलली असती तर काय सांगायचं राहिलं असतं, आणि कुणाला, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

रस्ता ओलांडताना मागे काहीतरी चाललं होतं. तिने वळून पाहिलं तर बाबांनी मुलांच्या जोड्या केल्या होत्या. दाढी आलेली, खांद्याला बॅगा लावलेली, वेगवेगळ्या देशांची ती मुलं एकमेकांचे हात धरून उभी, आणि बाबा वाहनांकडे तळहात करून रस्त्याच्या मधोमध. एका धिप्पाड मुलाला जोडी उरली नव्हती, तर त्याने बाबांचाच हात धरला होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. "सर," औषधवाल्यांची मुलगी म्हणाली, "इथे सिग्नल असतो. माणूस हिरवा झाला की जायचं."

"असू दे की. त्याला मदत," बाबा म्हणाले.

तिने पुन्हा पुढे तोंड केलं. तिसरीत ती त्यांच्याच वर्गात होती. घराच्या उंबऱ्याच्या आत बाबा, शाळेच्या फाटकाच्या आत सर. मैदानात त्यांनी चुन्याने मोठं वर्तुळ आखून मुलांना आकड्यांवर उभं केलं होतं, आणि तिला तास काटा केलं होतं. मिनिट काटा झालेली मुलगी धावत धावत फेऱ्या घालायची आणि हिला एका फेरीला इवलंसं सरकायचं. मला पण धावायचंय, असं तिने रडून सांगितलं तेव्हा ते शेजारी गुडघे टेकून बसले आणि म्हणाले, तुला कमी चालायचंय, पण सगळे वेळ तुझ्याकडे बघून सांगतात. ते कधी रागवायचे नाहीत. दहा वेळा चुकलं तर अकराव्यांदा, पहिल्यांदाच सांगतोय अशा आवाजात सांगायचे. सगळ्या गावाची पोरं त्या आवाजावर वाढली. रागावणाऱ्या माणसाशी भांडता येतं. जो नुसता थांबून राहतो, आधी तुझं होऊ दे म्हणतो, त्याच्याशी भांडायला तोंड कुठून सुरू करायचं हे तिला कधी सापडलं नाही. म्हणून तिने बोलणंच थांबवलं. ते मेसेज करायचे, थंडी किती आहे. ती लिहायची, ठीक आहे. वाढदिवसाला ते लिहायचे, आशीर्वाद. ती लिहायची, ठीक आहे.

वाचनालयाच्या मागच्या भिंतीत, जमिनीपासून छातीएवढी उंच एक जाळी आहे. आतल्या बॉयलरची ऊब तिथून बाहेर येते. थंडीत मोजे ओले झाले की इथे पाठ लावून उभं राहायचं, कुणी काही म्हणत नाही. मुलांनी आळीपाळीने हात धरून पाहिले. याच जाळीपाशी ती उभी होती, शेवटचा पेपर संपवून, बोटं शाईने माखलेली, जिभेवर स्वस्त कॉफीची कडू चव. तिने फोन लावला होता, आज तरी घसा सुटला असेल म्हणून. बाबा म्हणाले, कुठे आहेस. ती म्हणाली, गरम जाळीपाशी, आईला सांगितली होती ना ती. ते म्हणाले, बाळा, खाली बस जरा. ती बसली. त्या वाक्यानंतर त्यांनी जे सांगितलं त्यातला एक शब्दही तिला आठवत नाही. आठवते ती पाठीला लागणारी ऊब, पूर्ण वेळ तशीच येत राहिलेली. नंतर आत्याने फोन घेतला. तुझ्या आईनेच शपथ घातली होती गं, पोरीच्या परीक्षेत विघ्न नको, तिला कळवू नका. तिचीच इच्छा. ती इच्छा या चार वर्षांत तिने कितीदा तरी उलटीपालटी करून पाहिली होती. बाबांवर ती रागावली होती हे खरंच, ते खोटं बोलले म्हणून. पण त्या रागाच्या तळाशी, जिथे ती फारशी जायची नाही तिथे, दुसरंच काही पडलेलं होतं. मरताना आईला मी नको होते. माझ्यापेक्षा तिला माझा पेपर हवा होता. हे असं शब्दांत तिने कधी म्हटलं नव्हतं. तसा विचार जवळ आला की ती उठून भांडी घासायला लागायची.

बाबा सगळ्यांत शेवटी जाळीपाशी आले. हातमोजा काढून त्यांनी तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला, लहान मुलाचा ताप पाहावा तसा. मग हातमोजा पुन्हा घातला.

तिथून जुन्या वस्तूंच्या दुकानाकडे, जिथे शिक्षण संपवून जाणारे आपली पातेली, दिवे आणि रजया ठेवून जातात आणि येणारे उचलून नेतात. तिथून पुलाकडे. पुलावर वारा फार होता. तिने सगळ्यांना कठड्याशी बोलावलं आणि सांगायला तोंड उघडणार तोच मागून, मराठीत, औषधवाल्यांच्या मुलीला हलकेच सांगितलेलं तिच्या कानावर आलं, "आता खाली बघ. एका बदकाचा एक पाय जरा वाकडा आहे. ते कायम उलट्या दिशेने पोहतं."

"सर, तुम्ही आधी आला होता इथे?"

"नाही."

"मग?"

"ऐकलंय."

ती कठड्याला धरून राहिली. लोखंड इतकं गार होतं की ते हाताला भाजल्यासारखं लागलं. ते वाकड्या पायाचं बदक केव्हाच मेलं असणार, गेल्या दोन हिवाळ्यांत ते दिसलेलंच नव्हतं. खाली धडधाकट बदकं सरळ रेषेत चालली होती. पण या माणसाला सगळं पाठ आहे. ती ज्या वाटेवर एकटी चालते आहे असं समजत होती, तिच्यावर हा माणूस चार वर्षं चालतो आहे, घरी खुर्चीत बसून, आईच्या नावावर ऐकलेलं घेऊन. तिला संताप आला. ते माझ्या आईचं होतं, तिच्या मनात आलं, तिचं बदक, तुमचं नाही. आणि लगेच, संताप पुरता वर यायच्या आत, तिला दिसलं की आई गेल्यावर ते कुणाचं तरी व्हायला हवंच होतं. तिने सगळ्यांना पुढे चला म्हणून खूण केली.

शेवटचा थांबा तलावाचा. कॉलेजचं कार्ड दाखवलं की वल्हवायची होडी फुकट मिळते. इथे ती मुलांना तासभर मोकळं सोडते. होड्यांवरच्या माणसाने एकेकाला जॅकेट घालायला दिलं. औषधवाल्यांची मुलगी त्या धिप्पाड मुलाच्या होडीत बसली आणि बसताक्षणीच त्याला वल्हं कसं धरायचं ते शिकवू लागली, स्वतः आयुष्यात पहिल्यांदा होडी पाहत असून. काठावर एकच बाक होता. त्याच्या एका टोकाला बाबा बसले. ती उभी राहिली. मग उभं राहणं फार दिसायला लागलं म्हणून दुसऱ्या टोकाला बसली.

"थकलात?" तिने विचारलं.

"नाही. चांगली नेतेस. मागच्याला ऐकू जाईल इतकं बोलतेस, पण ओरडत नाहीस."

"तुम्हाला सगळं माहीतच होतं."

"ऐकलं होतं. ती जाळी एवढी गरम असेल असं मात्र वाटलं नव्हतं."

पाण्यावर वल्ह्यांचे आवाज येत होते, एकाचाही ताल दुसऱ्याशी जुळत नव्हता. तिने ठरवलं होतं की ऐकायचं नाही. विचारायचं नाही असं ठरवायला ती विसरली होती.

"तुम्ही म्हणायचात, मान हलवतेय. कोण हलवत होतं?"

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. केस इतके विरळ झाले असतील असं तिला वाटलं नव्हतं.

"मीच."

"फोनवर?"

"फोन कानाला असायचा. तू सांगायला लागलीस की मान आपोआप हलायची. तू विचारायचीस, ऐकतेय ना, आणि मला वाटायचं, मान तर हलतेय कुणाची तरी."

"आणि हसली म्हणायचात ते?"

"ते खोटं."

ती समोर पाहत राहिली. बंद खोली, आत्या बाहेर आलेल्या-गेलेल्यांना चहा देते आहे, आणि हा माणूस पलंगाच्या कडेला बसून, फोन कानाशी धरून, एका बदकासाठी मान हलवतो आहे. हे चित्र तिने कधीच काढलं नव्हतं. तिच्या मनातल्या चित्रात ते नेहमी शांत, कपडे इस्त्रीचे, हिशेबाने खोटं बोलत उभे असायचे.

"मी ते सांगायला आलेलो नाही," बाबा म्हणाले.

"मग राहू द्या. बस चुकेल तुमची."

"तुला आत्याने सांगितलं होतं, आईनेच शपथ घातली म्हणून."

"बाबा, राहू द्या."

"मी तेव्हा खोडलं नाही. मला ते सोयीचं होतं." ते थांबले. तो आवाज, अकराव्यांदा सांगतानाचा, आज त्यांच्याजवळ नव्हता. शब्द एकेक करून उचलावे लागत होते. "तसं नव्हतं ते. ती तुला बोलव म्हणत होती."

पलीकडे कुणीतरी वल्हं पाण्यात पाडलं आणि हशा झाला. तिने आपले हात मांडीखाली घेतले.

"काय म्हणाली? तिच्या शब्दांत सांगा."

"म्हणाली, तिला म्हणावं ये. पेपर काय, पुन्हा देता येतो."

"एकदा म्हणाली?"

"रोज."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, होऊ दे परीक्षा. डॉक्टरांनी महिना-दीड महिना तरी आहे म्हटलं होतं. तुझा शेवटचा पेपर, मग विमान, मग घर. मी सगळं बसवलं होतं. बसतही होतं."

"बसलं नाही."

"नाही."

आईचा आवाज तिला ऐकू आला. पेपर काय, पुन्हा देता येतो. हे आईचंच होतं, कुणालाही बनवून सांगता आलं नसतं. आई सातवी शिकलेली, शिक्षकाशी लग्न झालेली, आणि परीक्षेला घरात एवढं देव्हाऱ्यात बसवलेलं तिला मनातून हसू यायचं. रोज म्हणाली. रोज दाराकडे पाहिलं असेल. आणि या बाजूला ती वहीवर पिवळ्या रंगाने रेघा मारत होती, त्या विषयाचं आज एक वाक्यही तिला आठवत नव्हतं. आत्याचं खोटं थंड होतं, पण त्याच्यावर उभं राहता येत होतं. आता पायाखाली काही नव्हतं. आईला मी हवी होते, हे कळायला चार वर्षं थांबले, आणि कळलं ते असं, की हवी होते आणि गेले नाही.

"कशाला सांगितलंत?" तिचा आवाज चिरका आला. "मी सवय केली होती. कशाला आलात एवढ्या लांब?"

"तू आईवर रागावली असशील, असं वाटत राहिलं. तिने तुला नको म्हटलं असं धरून बसली असशील." त्यांनी टोपीची कड दोन्ही हातांनी दाबली. "तिने नको म्हटलं नाही, बाळा. नको मी म्हटलं. राग सगळा माझ्यावर असू दे. तिच्या वाट्याला त्यातला नको."

 तिला रडू येत होतं, पण ते डोळ्यांकडे न जाता कुठेतरी बरगड्यांत अडकून बसलं होतं आणि श्वास घेतला की टोचत होतं. माफ केलं असं म्हणता येईल का, हे तिने चाचपून पाहिलं. तिथे तसं काही नव्हतं. राग आहे का तेही चाचपलं. राग होता. पण आजपर्यंत तो बोलत नव्हता, आता तो शेजारी बसला होता आणि त्याला थंडी वाजत होती.

होड्या काठाला लागल्या. औषधवाल्यांची मुलगी गुडघ्यांपर्यंत आणि कोपरांपर्यंत भिजून आली होती. "ताई, याला काही येत नाही. मी सांगत होते डावीकडे, तर हा त्याच्या डावीकडे. समोरासमोर बसल्यावर डावं कुणाचं धरायचं असतं?" मग तिने दोघांकडे पाहिलं. बाबा उठले. तिच्या ओल्या बाह्या त्यांनी पिळून दिल्या आणि म्हणाले, "आधी खोलीवर जा, मोजे बदल, आणि आईला फोन कर." मुलगी हो म्हणाली. काय झालं सर, असं तिने विचारलं नाही. पाया पडायला वाकली, ओल्या कपड्यांनिशी, आणि मग इतरांच्या मागे पळाली.

बसचा थांबा तलावापासून लांब नव्हता. दोघं चालत गेले, मधे एका माणसाची जागा ठेवून. थांब्यावर काचेचा आडोसा आणि आत अरुंद फळी. ऊन कललं होतं आणि रस्त्यावर सायकलींच्या सावल्या लांबच लांब होत होत्या. त्यांची छोटी पिशवी तिने पायाशी ठेवली. ते तिला इथल्या भाड्याविषयी, खोलीत ऊन येतं का त्याविषयी, विचारत राहिले आणि ती सांगत राहिली. बस आली. दार उघडलं, आतली गरम हवा त्यांच्या अंगावर आली. बाबा उठले, पिशवीला हात घातला. पिशवीचा दुसरा बंद तिने धरलेला होता. तो केव्हा धरला ते तिला कळलं नव्हतं.

चालकाने दोघांकडे पाहिलं.

"सकाळी पण एक असते," ती म्हणाली.

बाबांनी चालकाला हाताने नाही अशी खूण केली. दार मिटलं आणि बस गेली. दोघं पुन्हा फळीवर बसले.  ती बोलली तेव्हा रस्त्याकडेच पाहत बोलली.

"मला सुरुवातीपासून सांगा. आईला बरं वाटेनासं झालं त्या पहिल्या दिवसापासून. माझ्यासाठी म्हणून काही गाळू नका."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी घसा साफ केला. त्यांचे ओठ दोनदा हलले आणि मिटले. मग ते म्हणाले, "सकाळची वेळ होती. ती गच्चीत कपडे वाळत घालत होती. चादर होती, मोठी, हिरवी. मी खालून हाक मारली, तर म्हणाली, थांबा, एवढी चादर टाकून येते."

"थांबा," ती म्हणाली.

ते थांबले.

आई गच्चीत उभी होती. तिला अजून काहीही झालेलं नव्हतं. दोन्ही हात वर, दोरीवरून चादर ओढते आहे, तोंडात चिमटा धरलेला.

"इथे जरा थांबू," ती म्हणाली. "पुढचं सांगा नंतर. घाई नाही."